अख्खा धागा

— नाही, कुणीतरी अंगचोरपणा केलाच, काका. नाव नाही घेत मी कुणाचं, नाव घेऊन काय होणार, पण केला. मागच्या खेपेला माझ्या भावाला हाताशी आली ती सुई घातली आणि मोकळे झाले. बारीक सुई! म्हणून तुम्हाला सांगते, काकूंना आत घेण्याआधी विचारा. विचाराच. घाबरायचं काय त्यात? तुमच्या बायकोचं लिव्हर आहे ते, नख टोचून बघायला काय दुधी आहे?

बघा, सोपं आहे. दुर्बीण तोंडातून जठरात जाते, तिच्या टोकालाच सोनोग्राफी असते, आणि लिव्हर तिथे भिंतीला लागूनच — त्या भिंतीतून सुई घालायची, तुकडा काढायचा. तुकडा म्हणजे धागा हो, शिवायच्या दोऱ्यासारखा. तो लांब, अख्खा आला तर तपासणाऱ्याला काहीतरी कळतं. चुरा आला तर तो बिचारा काय वाचणार? आता सुया. एक असते साधी, इंजेक्शनसारखं तिरकं टोक, मागून सिरिंजने ओढायचं — तिच्यात रक्त येतं, पेशी येतात, धागा येईलच असं नाही. दुसरी कापणारी. तिच्या टोकाला मुकुटासारखे तीन दात, ती कापून घेते, नुसती हापसत नाही. आणखी एक असते, दोन जिभांची, तीही चांगली म्हणतात. पण जाडी बघायची, काका, जाडी! आणि यांचे आकडे उलटे — आकडा मोठा तेवढी सुई बारीक. एकोणीस म्हणजे जाड, बावीस म्हणजे बारीक. मागच्या वेळी बावीस नंबरची घेतली म्हणाले, तर मी खूश! मोठी दिली म्हणून! आता हसू नका, तुम्हीही झाला असता.

छे हो, डॉक्टर कसली. शाळेत भूगोल शिकवते मी, बेडूकसुद्धा कापलेला नाही. पण भाऊ आहे ना आत. धाकटा. भोपळ्या — म्हणजे घरातलं नाव ते, लहानपणी असा गोल गरगरीत होता. आता पोटात पाणी झालंय, पोट हे एवढं, आणि आईने त्या दिवसापासून भोपळ्या म्हणणं सोडून दिलं. पाण्यामुळेच तर बाहेरून सुई घालता येत नाही. आणि मागचा रिपोर्ट काय आला? नमुना अपुरा, तुकडे तुकडे, व्रण पक्के झाले असावेत असा संशय. संशय! संशयावर माणसाचं लिव्हर बदलतात का? नुसती सूज असेल तर गोळ्यांनी उतरते. व्रण पक्के असतील तर मग गोळ्या संपल्या, मग दुसऱ्या कुणाचं तरी अर्धं कापून लावायचं. म्हणून भांडले मी. डॉक्टरांच्या केबिनमध्ये उभी राहून — जाड सुई, तीन दातांची, नाहीतर हात लावू नका त्याला. आई सगळ्यांना सांगत सुटली, भावासाठी वाघीण झाली पोरगी.

दुसऱ्या कुणाचं म्हणजे — माझं. माझंच, आणखी कुणाचं असणार? रक्तगट माझाच जुळला. मीच म्हटलं सगळ्यांसमोर, चहाचा कप हातात होता माझ्या — माझं घ्या की, त्यात काय, वाढतं ते परत! असं म्हटलं, कपडे उसने दिल्यासारखं. आई रडायला लागली, वहिनीने पाय धरले माझे. पाय धरल्यावर माणूस काय बोलणार, सांगा? आणि वाढतं हो, खरंच वाढतं, वाचलंय मी. टाके कुठून कुठवर येतात तेही वाचलं — इथून, असे, इथपर्यंत. क्वचित एखादा देणारा टेबलावरून उठतच नाही, तेही वाचलं. माझी मुलगी अजून माझा पदर मुठीत धरून झोपते, काका. मग ते वाचणं बंद केलं आणि सुयांचं वाचायला लागले. भावासाठीच. भावासाठीच हो! असं काय बघताय?

ही? ही बाटली त्याचीच. आत्ताचीच. लॅबमध्ये द्यायची, ती काय समोर खिडकी. देते ना. पळून जाते का खिडकी? — नको, तुम्ही धरू नका, मीच धरते उजेडात. दिसलं? जाड सुई होती. तीन दातांची. पाकीट माझ्या डोळ्यांसमोर फोडलं, डॉक्टरांनी काही म्हणजे काही कमी केलं नाही. आणि बघा. कण. तळाशी बसलाय नुसता चुरा. बाटली माझ्या हातात दिली आणि डॉक्टर हातमोजे काढायला लागले. त्यांना कळलंच असणार. मलाही माहीत होतं. फोनवर सुयांचं वाचलं त्याच पानावर होतं, खाली — व्रणांनी भरलेलं लिव्हर चांगल्या सुईतही तुटून येतं. सुईचा दोष नसतो तेव्हा. मी वाचलं आणि बोटाने वर सरकवलं.

आत नेताना माझा हात धरून म्हणाला, ताई, धागा अख्खा आला ना, की तुझं पोट वाचलं. मी म्हटलं, गप ए, माझ्या पोटाची काळजी करू नकोस. आणि दार लागलं तशी हात जोडले — अख्खा येऊ दे, अख्खा येऊ दे. कुणासाठी जोडले ते नका विचारू. नका ना विचारू.

ही बाटली पडली असती हातातून, तर? फुटली असती? पुन्हा एकदा करावं लागलं असतं, तेवढाच वेळ — पण प्लास्टिकची आहे मेली, फुटतसुद्धा नाही. काका, तुम्ही देता का नेऊन? चार पावलं तर आहेत. नको. राहू द्या. जा तुम्ही, काकूंना बोलावतील आता. जा म्हटलं ना! आणि जाड सुईच मागा, बरं का.

— कोण, मी? हो, मीच त्याची बहीण. आतून आलात ना, मावशी? बोला ना. काय म्हणतोय?

"आत्ताच डोळे उघडले त्यांनी. आणि एकच धोशा लावलाय — ताईला विचारून या, धागा अख्खा आला का."