नारळ आधी की सुपारी

पोरं फिजिक्स कशी शिकतात यावर माझी पीएचडी चालू आहे ना, त्यात एक युक्ती आहे. प्रश्न विचारायचा, हात वर करायला लावायचे, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायला सांगायचं आणि परत हात मोजायचे. चर्चेनंतर बरोबर उत्तरं वाढतातच, असं मी छातीठोकपणे सांगायचे. पेणच्या कॉलेजात ती तशी वाढलीही, म्हणून रोह्याच्या कॉलेजात मी माझ्या गाईडनाच घेऊन गेले.

"गच्चीवरून नारळ आणि सुपारी एकदम सोडली, तर आधी खाली काय येईल?"

अर्धा वर्ग म्हणाला, दोन्ही एकदम. मी खूश. मग चर्चा झाली, आणि दुसऱ्यांदा अख्खा वर्ग नारळाच्या बाजूने. गाईड चष्मा काढून माझ्याकडे बघत बसले.

"कोणी पटवलं तुम्हाला?" मी वर्गाला विचारलं.

सगळ्यांनी रुखसारकडे बोट केलं.

"रुखसार, दोन्ही एकदम पडतात गं."

"व्हय मॅडम, म्हाईत हाय मला."

"मग नारळ का सांगितलास?"

"तुम्हीच बोललात ना, पटवून दाखवा. खऱ्याचं काय, ते कोणी पण पटवील."