जुन्या कॉम्प्युटरची राखण

बुधवार. सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही.

आमच्या कळंबच्या रक्ततपासणीच्या लॅबमधली गोष्ट सांगतो. जुन्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम उघडायचाच बंद झाला होता. आतली माहिती मात्र शाबूत होती. ती मी वायर जोडून नव्या कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये घेत होतो. निम्म्यावर आलं की 'कनेक्शन तुटलं' असा मेसेज, आणि परत पहिल्यापासून. समोर येरमाळ्याचे महादूमामा मेंढपाळ आणि मामी बसले होते. मामींचा किडनीचा जुना रिपोर्ट त्यातच अडकला होता आणि तो पाहिल्याशिवाय सोलापूरचे डॉक्टर औषध ठरवणार नव्हते. एसटीची वेळ होत आली होती.

पुन्हा तुटलं तेव्हा माझं लक्ष गेलं. जुन्या कॉम्प्युटरची स्क्रीन काळी झाली होती. थोडा वेळ हात लागला नाही की तो झोपी जात होता. सेटिंग बदलायला गेलो तर पासवर्ड मागितला, आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता.

"म्हंजी ह्याला झोपू द्यायचं न्हाय, एवढंच ना?" मामांनी माउस हातात घेतला. "सरका साहेब. रातभर मेंढरं राखतो म्या."

"व्हय तर! मग राखताना घोरतंय कोण?" मामी म्हणाल्या.

"तू अशीच बोलत ऱ्हा. म्हंजी म्या बी जागा आन् हे बी जागं."

मामींनी लग्नापासूनचं सगळं काढलं. मामा माउस हलवत राहिले आणि मी नव्या कॉम्प्युटरवर येणारी माहिती तपासत राहिलो. मला एकट्याला हे जमलं नसतं, म्हणून मी दोघांचे मनापासून आभार मानले.

माहिती पूर्ण आली. रिपोर्ट छापून दिला. दोघांना सोलापूरची एसटी मिळाली.