ठिवू का पुसू?

…आता तुमीच सांगा, एका टेबलाला दोन मालक असले तर टेबल चालतंय, पण एका टेबलाला दोन कायदे लागले तर त्या टेबलानं जावं कुठं? न्हाय न्हाय, हसू नका, हितं माझा जीव चाललाय!

तुमाला सांगतो, म्या शंभू, तेरखेड्याचा. आमच्या गावात कुणाचं लग्न कधी झालं ते न्हाय सांगता येणार, पण त्या लग्नात कुणाचा भुईनळा किती उंच गेला ते सगळ्यास्नी ठाऊक. रस्त्याला लागून दुकान. डाव्या अंगाला माझे फटाके, उजव्या अंगाला आमच्या मंडळीचं, शिवकन्याचं, सेवा केंद्र. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, समदं तिच्याकडं. मधी टेबल एक, कॉम्प्युटर एक, इंटरनेटची वायर एक, वर कॅमेरा एक. लई वर्सं गुण्यागोविंदानं चाललं, आन् दिवाळी तोंडावर आली तसे दोन फोन आले. एक बँकेचा, "कार्ड सुरक्षेची तपासणी पास करा, नाहीतर स्वाइप मशीन बंद." दुसरा सरकारी हापिसाचा, "सायबर सुरक्षेची तपासणी पास करा, नाहीतर केंद्राचं लॉगिन बंद." म्हंजी एकात नापास झालो तर माझी दिवाळी गेली, आन् दुसऱ्यात झालो तर बायकोचं केंद्र गेलं, मग घरात मला भाकर कोण वाढणार? बार्शी-लातूरचं गिऱ्हाईक आता खिशात नोटा ठिवतंय का? कार्डच काढतंय की!

बँकेकडनं फोनवर क्षमा मॅडम. नाव क्षमा, पण एक चूक माफ करतील तर शपथ! "सर, आपण ग्राहकाच्या कार्डाची माहिती साठवत नाही ना?" म्हणलं छे छे मॅडम, फकस्त लग्नाची ऑर्डर फोनवर आली की कार्डाचा नंबर आन् मागचे तीन आकडे भिंतीवर लिवतो, मोठ्या अक्षरात, म्हंजी गिऱ्हाईकाला परत तरास नको. "सर… भिंतीवर?" "आतल्या भिंतीवर हो! बाहीरच्या भिंतीवर कशाला लिवू, आमाला बी अक्कल हाय." "सर, ते सगळं पुसा. कॉम्प्युटरवर असेल तेही पुसा. जे आपल्याजवळ नाही, ते चोरीला जात नाही."

"बरं सर, फायरवॉल आहे का?" आता हे मला येत हुतं! छाती फुगवून म्हणलं, "हाय की, अठरा इंची!" "अठरा… कुठल्या कंपनीची, सर?" "कंपनी कुठली मॅडम, लिंबाजी गवंड्याची! शेतातल्या गोडावूनला बांधलीय, पक्क्या इटाची. अल्याड स्फोट झाला तर पल्याडची कोंबडी अंड्यावरनं उठणार न्हाय." "तिच्यातून व्हायरस आत येऊ शकतो का?" "मॅडम, तिच्यातनं लिंबाजी सवता आत येऊ शकत न्हाय!"

झालं. भिंतीला चुना मारला, कॉम्प्युटर बी धुतल्यावानी पुसून काढला. आन् दुसऱ्याच दिवशी धाराशिवहून सरकारी हापिसाचे बुद्धघोष सर हजर. लई सज्जन माणूस, खुर्ची पुसून बसला, पाणी पिला, म्हणला, "चला, सहा महिन्यांचे लॉग दाखवा." आता आमच्याकडं निजामापास्नं लोग म्हंजी माणसं! म्हणलं, "साहेब, सहा महिन्याचे लोग?" "सगळे. कोण आले, कधी आले, कधी गेले." "ते आपापल्या घरी गेले की साहेब!" "जाऊन कसं चालेल? सहा महिने ठेवावेच लागतात. तेही भारतातच." "भारतातच हायती साहेब, लई तर कोण परंड्याला गेलं आसंल." "आणि मागितले की लगेच हजर करता आले पाहिजेत!" म्हणलं एवढे लोग ठिवू कुठं, निजवू कुठं, आन् रोज येळेला जेवाय काय घालू? तवा शिवकन्या पदरात तोंड घालून म्हणली, "अवं, लोग न्हाय, लॉग! कॉम्प्युटरातली नोंद." "अगं मग ती तर म्या काल पुसली!" सरांनी चष्मा काढून टेबलावर ठिवला.

मग जो तमाशा सुरू झाला म्हणता! बँक म्हणती पुसा, सरकार म्हणतंय ठिवा. रातीला ताटावर बसलो तरी त्येच, ठिवू का पुसू? शिवकन्या म्हणली, "आधी जेवा, मग ताट पुसा."

कॅमेऱ्याचं तर इचारूच नका. मॅडम म्हणल्या, गिऱ्हाईक पिन दाबतंय तिकडं कॅमेरा नको. वळवली मान. सर म्हणले, माणूस दिसला पायजे. परत वळवली. मॅडम, सर, मॅडम, सर… त्या कॅमेऱ्याची मानच ढिली पडली ओ! खाली लोंबला. आता त्याच्यात नुसत्या चपला दिसत्यात. सरांनी त्या बी बघितल्या आन् म्हणले, "या कुणाच्या, ते कळायला हवं."

शेवटी म्या दोघास्नी फोनवर जोडून दिलं. म्हणलं होऊन जाऊ द्या भांडण, जो जितंल त्याचं ऐकू. तर ती भांडत्यात कुठली! "मॅडम, तुमचं बरोबर आहे." "सर, तुमचंही बरोबर आहे." दोघांचं बी बरोबर, मग चूक कोण? म्या! म्हणले, "कार्डाचं पुसा, बाकीचं आजपासून ठेवा, आणि दोन्ही एकमेकांपासून वेगळं करा. किती सोपं आहे!" सोपं? एका कॉम्प्युटरात ठिवू का पुसू म्हणून मरतोय मी, आन् ह्यास्नी सोपं!

मग केलं येगळं. दोन कॉम्प्युटर, दोन वायरी, दोन कॅमेरे, आन् मधी पार्टिशन. मॅडम म्हणल्या, "सर, आता तुमच्या मिसेस तिऱ्हाईत." "बायको तिऱ्हाईत?" "कार्डाच्या बाबतीत, हो." खरं सांगतो, ते पार्टिशन उभं राहिलं त्या दिवशी आमच्या डब्याची बी वाटणी झाली. रोज दुपारी एका टेबलावर एक डबा खायचो आमी. आता म्या अल्याड चटणी खातोय, ती पल्याड भाकर. पासवर्ड तर असला ठरवला, लांबलचक, मधी आकडे, मधी चिन्हं, नाव चालत न्हाय, लिवायचा न्हाय, बायकोला सांगायचा न्हाय. पण पास झालो! दोन्हीकडं! पेढे वाटले!

आन् धनतेरसच्या सकाळी बार्शीची पार्टी आली. मोठी ऑर्डर, हातात कार्ड. स्वाइप मशीन चालू कराय कॉम्प्युटरपुढं बसलो, पासवर्ड टाकला, चूक. परत टाकला, चूक. देवाचं नाव घेऊन टाकला… लॉक! मॅडमला फोन लावला. "सर, आपण शंभूच आहात हे कशावरून?" "अवं मॅडम, आवाज वळखंना व्हय?" "आवाज कुणीही काढेल, सर." पार्टिशनवर थापा मारल्या, "अगं, तू तरी सांग मी कोण हाय ते!" पल्याडनं शिवकन्या म्हणली, "म्या तिऱ्हाईत हाय. आन् माझं बी लॉक झालंय."

पार्टी गेली शेजारच्या दुकानात. मॅडमला लई वाईट वाटलं बघा, समजूत काढाय लागल्या, "सर, एक मात्र नक्की, आता तुमच्याकडे चोर शिरूच शकत नाही."

म्हणलं, "व्हय मॅडम. जिथं मालकालाच शिरता येईना, तिथं चोराची काय बिशाद!"