खालच्या ओळीतला टाका

नाही नाही, तसा नको, उसव ते — अगं, दोन टाक्यांमधला आडवा धागा नुसता उचलून विणलास ना, म्हणून भोक पडलं. बाहीला टाके वाढवायचे ते असे, की बाही आपली आपणच रुंद होत गेलीय असं वाटलं पाहिजे. दे इकडे. हा सुईवरचा टाका, आणि हा त्याच्या खालचा, मागच्या ओळीतला — त्याची कड सुईच्या टोकानं हळूच उचलायची, सुलट विणायची, मग वरचा विणायचा. झाले एकाचे दोन. शोध आता, कुठे वाढवलाय. नाही ना सापडत? कसा सापडेल — चाळीस वर्षं स्वेटरच्या कारखान्यात बिघडलेला मालच दुरुस्त करत होतो, पोरी. सही धड येत नाही मला, पण खोट झाकावी तर मीच.

आई? ती आत लोकर गुंडाळतेय — ऐक, चरखा कुरकुरतोय. तेवढंच जमतं आता, हातांना सवय म्हणून. तिला कधी कळलंच नाही बघ... काय म्हणजे? काही नाही. तू वीण. — म्हणजे असं, की तुझा तो निळा स्वेटर करत होती ना, तेव्हा ओळीत एकदोन टाके कमी भरायचे. दिसायचं नाही, दोन टाके एकदमच विणून टाकायची. मग बोटांनी मोजायची आणि तोंड पाडून बसायची — "ब्याण्णव हवेत, नव्वदच कसे हो?" मला बघवेना. ती आंघोळीला गेली की मी वाढवून ठेवायचो, असेच, खालच्या ओळीतून. आली की पुन्हा मोजायची — ब्याण्णव! काय खुलायची! वर मलाच चिडवायची, "माझी नजर शाबूत आहे, तुमच्या चष्म्याचं बघा." डॉक्टरचं नाव कशाला काढेल ती? वर्षभर चाललं हे. वर्षभर, पोरी. मग काचबिंदू निघाला, आणि डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणायला हवं होतं. तू केवढी ओरडलीस तिच्यावर तिथं — दिसत नव्हतं तर बोलली का नाहीस! ती बिचारी म्हणाली, "माझं तर सगळं बरोबर भरत होतं गं." आणि मी? मी पिशवी धरून उभा.

माझ्याकडे नको बघूस, सुईकडे बघ. आणि तिला यातलं काही बोलू नकोस हं — म्हणजे मीच सांगणार आहे, सांगायचंच आहे, जरा —

चरखा कधी थांबला गं?