उन्हानं खाल्लेलं नाक

नाही, तुम्हीच सांगा, नाक ही काय गाळून टाकायची गोष्ट आहे? आणि तेही कुणाचं, तर माझं! चष्म्यांचं दुकान आहे हो माझं, लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून उभा जन्म काचा घासल्या, आणि माझ्या सख्ख्या बायकोनं माझं चित्र काढलं तर त्यात मी म्हणजे एक जांभळट डाग, त्यावर पिवळा डाग, आजूबाजूला हिरवे फटकारे! बाकी सगळं सोडलं… पण नाक कुठाय?

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. मुलगी लग्न होऊन गेली, घर खायला उठलं, ही दिवसदिवस खिडकीत बसायला लागली, म्हणून मीच म्हटलं, चित्रकलेच्या वर्गाला जा. वाटलं, फुलदाणी काढेल, दोन संत्री काढेल, संपलं! पण तिथले सर निघाले इम्प्रेशनिस्टांचे, म्हणजे त्या जुन्या फ्रेंच चित्रकारांचे, भक्त! डोळे मिटून, हात हवेत फिरवत म्हणतात कसे, "वहिनी, ते चित्रकार खोली सोडून उघड्यावर गेले… नदी रंगवू नका, झाड रंगवू नका, त्यावर पडलेला उजेड रंगवा!" अहो, उजेड काय चादर आहे, झाडावरून ओढून काढायला?

झालं! रविवारी मला नदीकाठी नेलं, दगडावर बसवलं, टोपीसुद्धा घालू देईना. "हलू नका!" नाही हललो. "अहो, हललात!" म्हटलं, मी नाही, माशी हलली. "मग ऊन हललं!" आता ऊन हललं यात माझा काय गुन्हा? ढग आला की कुंचला खाली, ढग गेला की सटासट सटासट! पुढच्या रविवारी पुन्हा तोच दगड, का, तर "त्या दिवशीचं ऊन आज नाही!" मान भाजली, पायाला मुंग्या आल्या… खऱ्या मुंग्या हो, चावणाऱ्या! तरी बसलो. का बसलो? तर… ही गुणगुणत होती. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच. जाऊ दे, ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं काय, नाक कुठाय?

चित्र दाखवलं तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, "सावली जांभळी कशी?" तर म्हणे, "नीट बघा, सावली काळी नसतेच!" मी प्रेमानं म्हटलं, "ये दुकानात, डोळे तपासून देतो." दोन दिवस अबोला!

आणि मग प्रदर्शन. गावाला दिसेल असं, भिंतीच्या मधोमध मी! माझं गिऱ्हाईक, बँकेतले साहेब, चित्राला नाक लावून उभे… त्यांना होतं ना! चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा पुसला, आणि भर हॉलमध्ये, "शेठ, माझा नंबर चुकवलात हो!" सर मध्ये पडले, "लांबून बघा, डोळे किलकिले करून बघा." किलकिले? अहो, किलकिले डोळे घेऊन येणाऱ्याला मी खुर्चीत बसवतो, सोडत नाही! धंद्यावर उठले सगळे! डोकंच फिरलं माझं. ओरडलो, "उतरव ते चित्र! आत्ताच्या आत्ता उतरव!"

ही भांडली असती तर परवडलं असतं. गुपचूप हात वर करून चित्र उतरवायला लागली… आणि तेवढ्यात काठी टेकत आमची आई आत आली. म्हटलं, थांब, आईला बघू दे! आई कुणाचं खोटं कौतुक करत नाही, माझं तर खरंसुद्धा केलेलं नाही!

आई दारातच थांबली. तिथूनच चित्राकडे बघितलं. आणि कडाडली, "अगं सूनबाई, कधीचा बसवलायस त्याला उन्हात? मान बघ कशी भाजलीय! पाणी तरी दे त्याला!" मी इकडे शेजारी उभा, आणि ती पाणी देतेय भिंतीवरच्या डागाला! सरांनी टाळ्या काय वाजवल्या, हिचे डोळे काय भरले! मी म्हटलं, "आई, ते जाऊ दे… नाक कुठाय?"

"नाक? हे काय," आई म्हणाली, "तुझ्या बापासारखंच बसकं!"

आता आईला दिसत नाही, असं म्हणावं… तर तिच्या डोळ्यांवरचा चष्मा मीच केलेला!