छातीवरचं वचन

कानेशी बाजाराच्या थांब्यावर गाडीच्या रांगेत मानसा उभी होती. तिच्या पुढे डेडेमावशी, काखेत शर्टांचं गाठोडं. एवढ्यात पिवळ्या शर्टातला एक तरुण दोघींच्या पुढे घुसला.

"ए बाळा, छातीवर काय लिहिलंय तुझ्या?"

"'मी प्रभूची वाट पाहतोय.' का हो मावशी?"

"प्रभूची वाट पाहतोस, आणि गाडीची पाहवत नाही?"

"मुलीला मागणी घालायला निघालोय. तिचे मामा केव्हाचे खोळंबलेत."

"खोळंबू देत. हा शर्ट मी शिवलाय. चर्चचं दुकान आहे आमचं. नफा सगळा अनाथ लेकरांना."

"म्हणजे लेकरांना मीच जेवू घातलं! मग जाऊ द्या की पुढे."

"आणि तुझी ही घुसखोरी बघून उद्या आमचे शर्ट कोण घेईल? लेकरांनी काय हवा खायची?"

तरुणानं तिथल्या तिथे शर्ट काढला, उलटा केला आणि परत चढवला.

"घ्या. आता दिसतंय कुणाला?"

"लोकांना नाही दिसत. पण आता ते थेट तुझ्या काळजाला टेकलंय. चल, मागे हो."

तो मानसाच्या मागे येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं तिच्या खांद्यावरून आवाज आला,

"मावशी, मोठ्या मापाचा आहे का एखादा? मामांना नेतो. तेही वाटच पाहताहेत."