घरामागचा लाल रंग

डोळ्यांच्या दवाखान्यात शिवणकाम करणाऱ्या बाई नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची भाची बोलत होती. बाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

"दिवसभर डोंगरात करतेस तरी काय गं?"

"गवत मोजते, मामा. कुठे किती उंच, किती वाळलंय. झाडांखाली पाचोळा किती साठलाय."

"पाचोळा मोजायचा पगार देतात?"

"त्याचा रंगीत नकाशा होतो. वणवा लागलाच, तर कुठून कुठे पळेल ते त्यावरून कळतं."

"मग आपलं घर कुठल्या रंगात आलंय?"

"घर पिवळ्यात. मागची झाडं लाल, म्हणजे सगळ्यात धोक्याची."

"ती तुझ्या मामीनं लावलीत."

"म्हणून तर फोनवर बोलले नाही."

"तोडावी लागतील?"

"नाही हो. खालच्या फांद्या छाटायच्या, पाचोळा उचलायचा. जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत चढायला नको."

बाईंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं.

"ती कुणाला फांदीला हात लावू द्यायची नाही."

"ठाऊक आहे. लहानपणी मीच बोलणी खाल्लीत."



"रविवारी ये मग. छाटायचं काम तुझं. शिडी मी धरतो."